व्हिक्टोरिया स्ट्रीट : आराखड्यातून गळालेले एक स्थानक

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे वसली आहेत. या दोहोंना जोडणारी ‘ग्रीन लाइन’ नावाची लाइट रेल युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू या हमरस्त्याच्या मधोमध धावते. सेंट पॉलच्या हद्दीत तिच्यावर व्हिक्टोरिया स्ट्रीट नावाचे स्थानक लागते. दिसायला ते अगदी साधे आहे. फलाट, छप्पर, तिकिटाचे यंत्र, बसायला चार जागा. गाडी येते, क्षणभर थांबते, निघून जाते. मात्र या मार्गाचा मूळ आराखडा मंजूर झाला तेव्हा हे स्थानक त्यात नव्हते. ते का नव्हते आणि पुढे कसे आले, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण या प्रकरणाची मुळे रुळांत नसून शेजारच्या एका महामार्गात आहेत.

प्रथम एक खुलासा. लाइट रेल म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधली व्यवस्था. ती ट्रामप्रमाणे रस्त्यावरून धावते, परंतु तिचे रूळ बहुधा राखीव असतात, डबे मोठे असतात आणि थांबे ट्रामपेक्षा दूरदूर असतात. ‘थांबे दूरदूर’ हे शब्द ध्यानात ठेवा. पुढचा सारा वाद त्यांच्याभोवतीच फिरतो.

युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूला रूळ नवे नाहीत. १८९० च्या डिसेंबरात याच रस्त्यावरून दोन्ही शहरांना जोडणारी विजेची ट्राम सुरू झाली. ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट ही कंपनी ती चालवीत असे. ट्राम जवळजवळ प्रत्येक चौकात थांबायची, त्यामुळे रस्त्याच्या दुतर्फा दुकाने, चित्रपटगृहे, खानावळी वाढत गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीची मालकी अशा मंडळींच्या हाती गेली, ज्यांना प्रवाशांपेक्षा भंगारात अधिक रस होता. सेंट पॉलमधली ट्राम १९५३ च्या अखेरीस थांबली, मिनियापोलिसमधली १९५४ च्या जूनमध्ये. कंपनीचे अध्यक्ष फ्रेड ओसाना जळत्या ट्रामसमोर उभे राहून धनादेश स्वीकारत आहेत, असे एक छायाचित्र त्या काळी काढले गेले आणि ते आजही वारंवार छापले जाते. भंगाराच्या या व्यवहारांतील फसवणुकीबद्दल १९६० मध्ये ओसाना यांना न्यायालयाने दोषी ठरविले. ट्राम गेल्या, त्यांच्या जागी बस आल्या. पुढची साठ वर्षे या रस्त्याची भिस्त सोळा क्रमांकाच्या बसवर राहिली.

आता युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या दक्षिणेला, चालत दहा मिनिटांच्या आतल्या अंतरावर जाऊ. तेथे रॉन्डो नावाचा रस्ता होता. जोसेफ रॉन्डो या फ्रेंच-कॅनेडियन वसाहतकऱ्याच्या नावावरून त्याला हे नाव पडले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता आणि त्याभोवतीची वस्ती सेंट पॉलमधील कृष्णवर्णीय समाजाचे केंद्र बनली. १९५० च्या सुमारास शहरातील ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय याच परिसरात राहत असत. घर घ्यायचे तर त्यांना इतरत्र फारसे कोणी विकत नसे, हे त्याचे एक कारण. पण वस्ती म्हणजे केवळ नाइलाजाने एकत्र आलेली माणसे नव्हेत. तेथे पिलग्रिम बाप्टिस्ट चर्च होते, १९२९ मध्ये स्थापन झालेले हॅली क्यू. ब्राउन केंद्र होते, कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे होती. रेल्वेच्या शयनयानांत काम करणारे कर्मचारी, शिक्षक, वकील, न्हावी, किराणा दुकानदार एकाच गल्लीत राहत. नागरी हक्क चळवळीतले मोठे नेते रॉय विल्किन्स हे सेंट पॉलमध्येच वाढले. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांच्या तारुण्यातली काही वर्षेही या शहरात गेली.

दोन्ही शहरांना जोडणारा महामार्ग नेमका कोठून न्यावा, याची चर्चा १९४० च्या दशकात सुरू झाली. त्या काळी जॉर्ज हेरॉल्ड हे सेंट पॉलचे नगरनियोजन अभियंता होते. मार्ग उत्तरेकडे, रेल्वेच्या रुळांलगत आणि कारखान्यांच्या पट्ट्यातून न्यावा, असा पर्याय त्यांनी मांडला. तसे केले तर घरे फारशी पडणार नाहीत, आणि भर वस्तीतून महामार्ग नेणे म्हणजे तेथील लोकांना देशोधडीला लावणे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी नियोजकाने अशी भूमिका घ्यावी आणि ती लेखी मांडावी, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. हेरॉल्ड यांचे कोणी ऐकले नाही. राज्याच्या महामार्ग खात्याला मार्ग सरळ हवा होता. वाहनांची मोजणीही रॉन्डोच्या बाजूने कौल देत होती. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. तेव्हा शहराला हा रस्ता जवळजवळ फुकट मिळणार होता.

फुकट म्हणजे कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. १९५६ ते १९६८ या काळात आय-९४ हा महामार्ग रॉन्डोच्या मधून बांधला गेला. सुमारे ७०० घरे आणि ३०० व्यवसाय गेले, ६०० हून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबे विस्थापित झाली. भरपाई मिळाली ती घराच्या सरकारी किमतीची. स्थलांतराच्या खर्चाची हमी देणारा केंद्रीय कायदा व्हायला १९७० उजाडावे लागले. भाडेकरूंच्या हाती तर जवळजवळ काहीच पडले नाही. रेव्हरंड जॉर्ज डेव्हिस या वृद्ध गृहस्थांनी घर सोडायला नकार दिला, तेव्हा १९५६ च्या सप्टेंबरात पोलिसांनी त्यांना बळाने बाहेर काढले. पिलग्रिम बाप्टिस्टचे पाद्री फ्लॉइड मॅसी आणि टिमथी हॉवर्ड यांनी रहिवाशांची एक संघटना उभारली होती. महामार्ग रद्द करणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. तो खांबांवरून न नेता जमिनीच्या पातळीखाली खणून न्यावा, एवढे मात्र त्यांनी पदरात पाडून घेतले. आज त्या खंदकातून वाहनांचा प्रवाह अखंड वाहतो. रॉन्डोचा जो भाग शिल्लक राहिला, त्या रस्त्याचे नावही बदलून कॉनकॉर्डिया करण्यात आले.

युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या उत्तरेला फ्रॉगटाउन नावाची कामगारवस्ती आहे. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया येथील युद्धांतून निर्वासित झालेले लोक मिनेसोटात येऊ लागले. त्यांत ह्मोंग समाजाची संख्या मोठी होती. महामार्गाने गिऱ्हाईक पळविल्यामुळे युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या बऱ्याच दुकानांना तोवर कुलपे लागली होती, त्यामुळे भाडी स्वस्त होती. या कुटुंबांनी तेथे भाजीपाल्याची, कापडाची, सोन्याची दुकाने थाटली, नूडल्सच्या खानावळी उघडल्या. म्हणजे एकविसावे शतक उजाडले तेव्हा या रस्त्याच्या एका बाजूला महामार्गाने फाटलेला समाज होता, दुसऱ्या बाजूला युद्धाने उखडलेला. दोन्हीकडे अनेक घरांत मोटार नव्हती. सोळा क्रमांकाची बस हीच त्यांची नोकरीची, दवाखान्याची आणि शाळेची वाट होती.

याच रस्त्यावरून लाइट रेल न्यायचे ठरले. मिनियापोलिसमध्ये पहिला मार्ग २००४ मध्ये सुरू झाला होता. दुसरा, ज्याला नियोजनाच्या काळात ‘सेंट्रल कॉरिडॉर’ म्हणत, तो दोन्ही शहरांच्या मध्यवर्ती भागांना जोडणार होता. मेट्रोपॉलिटन कौन्सिल ही महानगर परिषद त्याची सूत्रधार होती. आराखडा लोकांपुढे आला तेव्हा काही रहिवाशांनी नकाशावर बोट ठेवून स्थानके मोजली. मिनियापोलिसच्या बाजूला, विद्यापीठाच्या परिसरात, स्थानके जवळजवळ होती. पश्चिम सेंट पॉलमध्ये ती साधारण अर्ध्या मैलावर होती. परंतु स्नेलिंगच्या पूर्वेला हे अंतर एकदम एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर झाले होते. स्नेलिंग, लेक्सिंग्टन, डेल, राइस अशी एकेका मैलावर चार स्थानके. मधली तीन, हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न, वगळलेली. सबंध मार्गावर सर्वाधिक गरीब, सर्वाधिक बिगरगोरी आणि मोटार नसलेली वस्ती नेमकी याच पट्ट्यात होती. शिवाय गाडी सुरू झाल्यावर सोळा क्रमांकाच्या बसच्या फेऱ्या कमी करायच्या, हेही त्याच आराखड्यात होते. दर दहा मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटांनी येणार होती.

एक मैलाचे अंतर म्हणजे अगदी मधल्या माणसाला आठशे मीटर चालणे, मग त्यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. मिनेसोटात जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सियसच्या खाली जाणे नवलाचे नाही. पदपथावर बर्फ, हातात किराण्याची पिशवी, कडेवर मूल, आणि त्यात आपल्या घरासमोरून न थांबता जाणारी गाडी. शिवाय ती गाडी बांधताना आपल्याच दारातला रस्ता दोन वर्षे खणलेला असणार.

ही स्थानके कोणी द्वेषाने वगळली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. ती एका अपूर्णांकाने वगळली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा अपूर्णांक समजून घेण्यासारखा आहे. केंद्र सरकारचे परिवहन प्रशासन नव्या मार्गांना निम्मा खर्च देत असे, परंतु बुश प्रशासनाच्या काळात त्यासाठी एक कडक अट लागू झाली होती. प्रकल्पाचा वार्षिक खर्च अंशस्थानी घ्यायचा आणि त्यामुळे प्रवाशांचे जितके तास वाचतात ते छेदस्थानी. भागाकार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आला, की पैशाची आशा सोडायची.

आता स्थानक वाढविले तर काय होते पाहा. खर्च वाढतो, हे उघड आहे. पण खरी गंमत छेदात आहे. समजा, एका थांब्याला ३० सेकंद लागतात आणि दिवसाला १०,००० प्रवासी त्या थांब्यावर न उतरता पुढे जातात. त्यांचे मिळून दिवसाला ८३ तास वाया गेले. नव्या स्थानकामुळे १,००० लोकांची चार-चार मिनिटांची पायपीट वाचली, तर जमेला फक्त ६६ तास. स्थानक ‘तोट्यात’. हे आकडे माझे, केवळ गणिताची जात कळावी म्हणून घेतलेले. लांबून येऊन लांब जाणारे नेहमीच संख्येने अधिक असतात आणि मधल्या वस्तीत चढणारे कमी. त्यामुळे या पद्धतीत मधली वस्ती हा एक अडथळा ठरतो, जिच्यातून वेगाने निघून जायचे असते. माझ्या मते येथे महामार्गाच्या काळातला तर्कच नव्या वेषात परत आला होता. तेव्हा सरळ रेषा आणि वाहनांची मोजणी, आता तासांचा भागाकार.

रॉन्डोच्या जुन्या मंडळींना हे साम्य कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ‘स्टॉप्स फॉर अस’ या नावाने एक आघाडी उभी राहिली. तिच्यात रॉन्डोच्या वारशासाठी झटणारे होते, भाडेकरूंचे आणि परिसरविकासाचे गट होते, चर्चच्या मंडळींची संघटना होती, ज्यू समाजाची संस्था होती. त्यांनी घरोघर जाऊन सह्या घेतल्या, सुनावण्यांना माणसे नेली, नकाशे काढले. त्यांच्या हाती दोन कायदेशीर हत्यारे होती. एक, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण, जे सरकारी पैशातून होणाऱ्या कामात वंशभेदाला मनाई करते. दुसरे, १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला पर्यावरणीय न्यायाचा आदेश, ज्यानुसार गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर प्रकल्पांचा भार विषमपणे पडतो की काय, हे तपासणे सरकारी खात्यांना बंधनकारक झाले.

परिषदेचे उत्तर ठरलेले होते: तीन स्थानके घातली तर भागाकार मर्यादेबाहेर जाईल, केंद्राचा पैसा जाईल आणि मग गाडीच येणार नाही. हे खोटे नव्हते. याच भागाकारापायी मिनेसोटा विद्यापीठाला हवा असलेला भुयारी मार्गही २००८ मध्ये सोडून द्यावा लागला होता. मग परिषदेने मधला तोडगा काढला. त्या तीन ठिकाणी जमिनीखालच्या सोयी आताच करून ठेवायच्या, म्हणजे पुढे पैसा आला तर रस्ता पुन्हा न खणता स्थानक उभे करता येईल. आघाडीला एवढ्यावर समाधान मानायचे नव्हते. पायाखाली पुरलेल्या तारांवर कोणी बसची वाट पाहत उभे राहू शकत नाही.

तेव्हा आघाडीने मोर्चा वॉशिंग्टनकडे वळविला. अपूर्णांक सेंट पॉलमध्ये ठरत नव्हता, तो केंद्रात ठरत होता, हे त्यांनी अचूक हेरले. मला या लढ्यातला हाच भाग सर्वांत शिकण्याजोगा वाटतो. स्थानिक परिषदेशी भांडत राहिले असते तर त्यांना जास्तीत जास्त एक स्थानक मिळाले असते. २००९ मध्ये ओबामा प्रशासन आले. मिनेसोटाचे लोकप्रतिनिधी आणि दोन्ही शहरांचे महापौर यांनीही हा विषय लावून धरला. १३ जानेवारी २०१० रोजी परिवहनमंत्री रे लाहूड यांनी जाहीर केले, की केवळ त्या भागाकारावर प्रकल्प अडविण्याची अट रद्द होत आहे. यापुढे वस्तीचा, पर्यावरणाचा आणि आर्थिक विकासाचा लाभही जमेस धरला जाईल. त्याच महिन्यात परिवहन प्रशासनाचे प्रमुख पीटर रोगॉफ सेंट पॉलला आले आणि तिन्ही स्थानके प्रकल्पात समाविष्ट झाल्याचे सांगितले. प्रत्येकी सुमारे ५० लाख डॉलरचा प्रश्न होता. संपूर्ण मार्गाचा खर्च ९५.७ कोटी डॉलर होता, हे शेजारी ठेवून पाहावे.

येथे गोष्ट सुखान्त झाली, असे समजू नका. याच सुमारास नागरी हक्कांसाठी काम करणारी एनएएसीपी ही संस्था आणि रॉन्डोचे काही गट न्यायालयात गेले होते. स्थानके मिळाली तरी बांधकामाच्या काळात छोटी दुकाने बुडतील आणि जागेच्या किमती वाढून भाडेकरू हुसकले जातील, ही त्यांची भीती होती. २०११ च्या जानेवारीत न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी निकाल दिला, की बांधकामाने व्यवसायांचे किती नुकसान होईल याचा पुरेसा विचार सरकारी अहवालात झालेला नाही. परंतु काम थांबविण्यास त्यांनी नकार दिला. अहवालाला पुरवणी जोडली गेली, रस्ता मात्र खणला जात राहिला. २०११ आणि २०१२ ही दोन वर्षे दुकानदारांची परीक्षा पाहणारी ठरली. लहान व्यवसायांना वीस हजार डॉलरपर्यंतचे, अटी पाळल्यास माफ होणारे कर्ज देण्यात आले. काहींना ते पुरले, काहींनी दुकान बंद केले. रस्त्यालगतची मोटारी उभ्या करण्याची बहुतेक जागाही रुळांनी घेतली. त्याच मार्गावर एका रेडिओ केंद्राने आणि विद्यापीठाने आपली ध्वनिमुद्रणे व प्रयोगशाळा कंपनांपासून वाचविण्यासाठी वकिलांमार्फत खास व्यवस्था करून घेतली. त्यांची मागणी रास्त होती. पण नूडल्सच्या खानावळीकडे असे वकील नव्हते.

ग्रीन लाइन १४ जून २०१४ रोजी सुरू झाली. २३ स्थानके, ११ मैल. हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न ही तिन्ही पहिल्या दिवसापासून होती. वेस्टर्न स्थानकाभोवतीच्या आशियाई बाजारपेठेने ‘लिटल मेकाँग’ हे नाव धारण केले. व्हिक्टोरिया स्थानकाजवळ एक जुने व्हिक्टोरिया थिएटर आहे, १९१५ मधले. तेथल्या कॅफेच्या वाद्यवृंदाने १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘मूनशायनर्स डान्स’ ही तबकडी पुढे हॅरी स्मिथ यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध लोकसंगीत संग्रहात समाविष्ट झाली. लोकसंगीताचे अभ्यासक ती जगभर ऐकत होते, आणि ती जिथली, त्या इमारतीवर पाडापाडीचे सावट होते. रहिवाशांनी खटपट करून तिला २०११ मध्ये वारसा वास्तूचा दर्जा मिळवून दिला. स्थानकासाठी लढलेल्या वस्तीला सरकारी दारी खेटे घालण्याची सवय आता झालीच होती.

२०१५ मध्ये सेंट पॉलचे महापौर क्रिस कोलमन यांनी रॉन्डोच्या विध्वंसाबद्दल शहराच्या वतीने जाहीर माफी मागितली. राज्याच्या परिवहन खात्याच्या प्रमुखांनीही तीच भूमिका घेतली. त्यानंतर ‘रीकनेक्ट रॉन्डो’ ही संस्था महामार्गाच्या खंदकावर छत घालून वर पुन्हा जमीन, घरे आणि दुकाने उभी करण्याची मागणी करीत आहे. २०२३ मध्ये त्या योजनेच्या आखणीसाठी केंद्राकडून २० लाख डॉलर मंजूर झाले. चर्चेतले हे छत साधारणपणे चॅट्सवर्थ ते ग्रोटो या रस्त्यांच्या दरम्यान आहे, आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट त्या दोहोंच्या बरोबर मध्ये येतो. म्हणजे स्थानकावर उतरून दक्षिणेकडे निघावे, अरोरा, फुलर, सेंट्रल आणि सेंट अँथनी हे आडवे रस्ते ओलांडावेत, की आपण त्या जागी पोहोचतो. सध्या तेथे एक पूल आहे आणि पुलाखाली आय-९४.